साडेसात गुण जुळतायत, आता बाबांना काय सांगू?

ठकू_सांगलीकर

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीची, तो चिपळूणचा, दोघंही पुण्यात नोकरीला, चार वर्षं झाली. जात वेगळी आहे. मला वाटलेलं गाडी तिथेच अडणार म्हणून इतके दिवस घरी सांगायचं टाळत होते, शेवटी दिवाळीत सांगितलं तर बाबा दोन दिवस गप्प, जेवताना फक्त "मीठ दे" एवढंच, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले मुलगा बरा वाटतोय, जातीचं मी बघतो काकांशी बोलून, फक्त एकदा पत्रिका दाखवू. मी इतकी खूश झाले की लगेच हो म्हणून बसले. तिथेच माती खाल्ली.

गुरुजी आमचे माझ्या बारशापासूनचे. त्यांनी पंचांगातलं कोष्टक उघडलं, एक बोट आडवं एक उभं सरकवत नेलं आणि कुठल्यातरी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे पेन्सिलीने आठ आकडे एकाखाली एक लिहिले: ०, २, १॥, ०, ४, ०, ०, ०. बेरीज ७॥. छत्तीसपैकी! चष्मा काढून बाबांकडे बघितलं, माझ्याकडे नाहीच, आणि म्हणाले, "एकनाड आहे, वर षडाष्टक. मी मुहूर्त काढून देणार नाही."

ते पाकीट बाबांनी घरी आणलंय आणि फ्रीजवर पंचांगात घालून ठेवलंय. काही बोलत नाहीत. मी विषय काढला की फ्रीजकडे बघतात.

तर माहिती अशी, मी कन्या रास, हस्त नक्षत्र. तो कुंभ, शततारका. दोघांची आद्य नाडी. माझा गण देव, त्याचा राक्षस (हे ऐकल्यापासून तो मला फोनवर हाहाहा करून घाबरवतो, त्याला काही गांभीर्य नाही). मोबाईलवरच्या अॅपमध्ये टाकलं तर साडेआठ आले, म्हणजे एक गुण कुठून आला तेही कळेना.

मला विचारायचंय की एकनाड म्हणजे नक्की काय आणि त्यावर खरंच काही उपाय, अपवाद असतो का, आणि कोणी यातून गेलंय का. "कोर्टात जाऊन करा" हा सल्ला कृपया नको. ते येतं मला. बाबांशिवाय करायचं नाहीये.

टपरीवरचा_बंड्या

साडेसात गुण म्हणजे ही तर अक्षरशः साडेसाती 😄

हलके घ्या ताई. बाकी जाणकार येतीलच, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवृत्त_पोस्टमास्तर

मी व्यावसायिक ज्योतिषी नाही, पोस्टात पस्तीस वर्षं काढली, पंचांगाचा नाद वडिलांमुळे. दक्षिणा घेत नाही त्यामुळे चुकलो तर पैसे परत मागू नका.

आधी तुझ्या गुरुजींचे आकडे. त्यांनी गणित चोख केलंय, त्यांना दोष देऊ नकोस. आठ कूटं असतात, वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशीकूट ७, नाडी ८. बेरीज केलीस तर ३६. अठरा आले की पास, असा रिवाज. हे सगळं फक्त दोघांच्या चंद्रावरून, म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात होता एवढ्यावरून निघतं. लग्नरास, बाकीचे ग्रह, दशा यातलं काही त्यात येत नाही, म्हणून तर पाच मिनिटांत पाकिटामागे लिहिता येतं.

आता तुझं. हस्ताची योनी महिष, शततारकेची अश्व. घोडा आणि रेडा यांचं वैर, म्हणून शून्य. गण देव-राक्षस, इथे काही कोष्टकं शून्य देतात काही एक, तुझ्या अॅपातला जास्तीचा एक बहुतेक तिथला. नाडी दोघांची आद्य, म्हणजे एकच, यालाच एकनाड म्हणतात, शून्य. कन्येपासून कुंभ सहावी, कुंभेपासून कन्या आठवी, हे षडाष्टक, शून्य. म्हणजे योनी, गण, राशीकूट, नाडी मिळून पंचवीस गुण तिथेच बुडाले, उरलेल्या अकरात साडेसात मिळाले. तसं बघितलं तर अकरापैकी साडेसात म्हणजे फर्स्ट क्लासच की.

वर्णाचा एक का गेला तेही सांगून टाकतो. कन्या रास वैश्य वर्णाची, कुंभ शूद्र वर्णाची, आणि नियम असा की मुलाचा वर्ण मुलीच्या बरोबरीचा किंवा वरचा हवा. मुलगी वरचढ निघाली की शून्य. याच्यावर मी काही बोलत नाही, आमच्या सौ. बोलतात.

पण महत्त्वाचं हे की षडाष्टक सगळी सारखी नसतात. मृत्युषडाष्टक वेगळं आणि प्रीतिषडाष्टक वेगळं. मेष-वृश्चिक, वृषभ-तूळ, मिथुन-मकर, कर्क-धनु, सिंह-मीन आणि कन्या-कुंभ ही प्रीतिषडाष्टकं. तुझं कन्या-कुंभ आहे. बुध आणि शनीचं वाकडं नाही. अनेक जण इथे दोष धरत नाहीत. गुरुजींना नम्रपणे विचार, "हे प्रीतिषडाष्टक ना?" एवढंच.

नाडीचं थोडं अवघड आहे. रास एक पण नक्षत्रं वेगळी, किंवा नक्षत्र एक पण रास वेगळी, किंवा नक्षत्र एकच पण चरण (नक्षत्राचा चौथा भाग) वेगळं, असे अपवाद सांगतात, तुमच्यात यातला एकही बसत नाही. दोघांचं चरण कुठलं ते टाक.

सरासरीचा_माणूस

पोस्टमास्तर काका, आदर ठेवून थोडं गणित माझंही.

नक्षत्रं २७, नाड्या तीन, प्रत्येकीत बरोबर नऊ. म्हणजे तुम्ही लक्ष्मी रोडवर उभं राहून डोळे मिटून कुठलाही मुलगा आणि कुठलीही मुलगी निवडली तरी दर तीनात एक जोडी एकनाड निघणार. देशातली एक तृतीयांश जोडपी संततीवाचून किंवा अल्पायुषी दिसतात का? मंगळाचं तर आणखी भारी. लग्नकुंडलीत १, ४, ७, ८, १२ या घरांत मंगळ असला की मंगळीक. बारातली पाच घरं, म्हणजे शेकड्याला चाळीसच्या वर माणसं मंगळाची. दक्षिणेत दुसरं घरही धरतात, तिथे निम्मी जनता. हा दोष आहे की वर्गातला बहुसंख्य गट आहे?

आणि विदा (डेटा) हवा असेल तर नारळीकर सरांनी आपल्या पुण्यातच प्रयोग केलेला, २००९ मध्ये छापून आलाय. दोनशे मुलांच्या कुंडल्या, शंभर शाळेत हुशार ठरलेली, शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम. ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या देऊन विचारलं यातली कुठली कुठल्या गटातली. एक्कावन्न जणांनी कुंडल्या मागवल्या, उत्तरं सत्तावीस जणांनी पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. छापा-काटा केला असता तर पन्नास आले असते.

निवृत्त_पोस्टमास्तर

@सरासरीचा_माणूस, तो प्रयोग मी वाचलाय. तो बुद्धीवर होता, लग्नावर नव्हता.

सरासरीचा_माणूस

लग्नावरचाही आहे. इंग्लंड-वेल्सच्या २००१ च्या जनगणनेतली साधारण एक कोटी जोडपी घेऊन मँचेस्टर विद्यापीठातल्या एकाने बघितलं की ठराविक राशींची माणसं एकमेकांशी जास्त लग्न करतात का, टिकवतात का. काहीही निघालं नाही.

निवृत्त_पोस्टमास्तर

ती सूर्यरास. आपली चंद्ररास. साहेबांच्या राशीने आपलं गुणमेलन तपासायचं म्हणजे मनीऑर्डरचा फॉर्म भरून रजिस्टर्ड पार्सल मागण्यासारखं झालं.

सरासरीचा_माणूस

हे मान्य, चंद्रराशीवर इतक्या मोठ्या आकड्यांचं काम माझ्या बघण्यात नाही. पण मग तुम्हीच सांगा पुरावा कोणी द्यायचा, दोष आहे म्हणणाऱ्याने की नाही म्हणणाऱ्याने? आणि एक नातं मोडायला निघालाय तुम्ही लोक त्या शून्यावर.

टपरीवरचा_बंड्या

पॉपकॉर्न संपले, भजी मागवतोय.

कऱ्हाकाठची

ठकू, तुझं वाचून मला माझं आठवलं, लांब होईल पण लिहिते.

माझं लग्न १९९६ चं, कांदेपोहे पद्धतीने, २९ गुण जुळलेले. सासूबाई येईल जाईल त्याला सांगायच्या, आमच्या सुनेचे एकोणतीस गुण. मलाही अभिमान होता, म्हणजे भांडण झालं तरी मनात यायचं, एकोणतीस आहेत, काहीतरी अर्थ असेल. मध्यंतरी वडील गेले, दिवस झाल्यावर आम्ही बहिणी त्यांची ट्रंक आवरत होतो, खाली शेतीच्या पावत्या, जुने सातबारे, आणि त्यात एक पिवळं पडलेलं जन्मटिपण, कोपऱ्याला हळदीकुंकू लावलेलं, माझं. त्यात माझं नक्षत्र मूळ. माझ्या सासरी असलेल्या पत्रिकेत पूर्वाषाढा.

आईला विचारलं तर ती आधी पदराने डोळे पुसत होती ते थांबून हसायलाच लागली. म्हणाली, मुळावरची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषेची सासूला, ज्येष्ठेची थोरल्या दिराला, विशाखेची धाकट्याला, असं ऐकवून चार स्थळं परत गेली, पाचव्या वेळी तुझ्या वडिलांनी दुसऱ्या गावच्या जोशांकडून वेळ पुढे सरकवून नवी पत्रिका करून घेतली. शाळेच्या दाखल्यावर माझी तारीख मास्तरांनी १ जून घातलेली (आमच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला), पत्रिकेत दुसरी वेळ, आणि खरी तिसरीच ट्रंकेत.

म्हणजे माझ्या नवऱ्याशी जिचे एकोणतीस गुण जुळले ती बाई कोण होती कुणास ठाऊक, मी मात्र अठ्ठावीस वर्षं तिच्या जागी नांदतेय. सासरे अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेले, शेवटपर्यंत माझ्याच हातची भाकरी लागायची त्यांना, मुळाला त्यांच्याकडे बघायला सवडच मिळाली नाही. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही. म्हणजे तो इथे वाचत नाही म्हणून लिहिलं.

मी असं म्हणत नाही की खोटी पत्रिका कर. तुझ्या बाबांनी जात बाजूला ठेवली, हे लहान नाही, त्यांना आता एकदम सगळंच सोडायला सांगू नकोस. माणसाला धरायला काहीतरी लागतं.

प्रयोगशाळेतला

एकनाड म्हणजे रक्तगट एक, मुलं होत नाहीत किंवा व्यंग असलेली होतात, असं फॉरवर्ड दर महिन्याला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतं, म्हणून लिहितो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे.

नाडी चंद्राच्या नक्षत्रावरून, रक्तगट आईबापांच्या जनुकांवरून, दोघांचा काडीचा संबंध नाही. नवरा-बायकोचा रक्तगट एक असला तर काहीच बिघडत नाही, उलट अडचण कधी येऊ शकते तर आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असले तर, आणि त्यावरही अँटी-डी इंजेक्शन आहे, गरोदरपणात अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत परत. ठरलेली गोष्ट आहे, घाबरायचं काही नाही.

तपासायचं असेल तर थॅलेसेमिया तपासा. मायनर असलेला माणूस ठणठणीत असतो, त्याला आयुष्यभर कळतही नाही, पण दोघंही मायनर असले तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता की मूल मेजर निघेल, मग जन्मभर रक्त चढवणं. एचबीए२ ची एक टेस्ट, एकदाच. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली भागातलं घराणं असेल तर सिकल सेलही बघून घ्या. हे लग्नाआधी केलं तर उत्तम, माझ्याकडे येणाऱ्या शंभर जोडप्यांत हे स्वतःहून विचारणारं एखादं असतं, बाकीच्यांनी पत्रिका तीन ठिकाणी दाखवलेली असते.

ठकूताई, बाबांना "एकनाड म्हणजे संततीचं भय" असं वाटत असेल तर त्यांच्या हातात हा रिपोर्ट ठेवा. त्यांना उत्तर नको असेल कदाचित, पण काळजीला कागद लागतो.

मुक्काम_डब्लिन

अनुमोदन. अवांतर, आमच्याकडे पत्रिका केलेली माझ्या मुलीची, इकडे जन्मली, उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं ते सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं राहिलं. लग्नरास सरळ बदलली. आजीने त्यावरून तिचा स्वभाव दोन वर्षं सगळ्यांना समजावून सांगितला होता, तंतोतंत पटतही होता.

ठकू_सांगलीकर

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. कऱ्हाकाठची ताई, ट्रंकेचं वाचून आधी हसले मग रडले.

काका, चरण विचारलेलं. माझं हस्ताचं चौथं. चरणाक्षर ठ. आता ठ वरून काय नाव ठेवणार, आजोबांनी पत्रिकेत ठकूबाई लिहून टाकलंय, घरात अजून तेच चालतं, तोच आयडी घेतला. त्याचं शततारकेचं दुसरं, म्हणजे सा.

बाबांबद्दल एक सांगायचं राहिलं, ते पाटबंधारे खात्यात होते, कालव्यांच्या सर्व्हेवर सगळं आयुष्य गेलं. आकड्यावर त्यांचा फार विश्वास. गुरुजी नुसतं "नको" म्हणाले असते तर ते वाद घालत बसले असते, आकडा आला म्हणून गप्प झालेत.

निवृत्त_पोस्टमास्तर

ठकूबाई, चौथं चरण म्हणालीस आणि मी जेवण अर्धं टाकून उठलो. आता लक्ष देऊन वाच.

राशीचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची यावर आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना वाद आहे. त्याला अयनांशाचा वाद म्हणतात. बहुतेक पंचांगं चित्रापक्षाची, म्हणजे चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर धरून चक्र लावायचं. सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने चित्रापक्षच घेतला. तुझ्या गुरुजींचं पंचांग आणि तुझं अॅप दोन्ही त्यावरच चालत असणार. पण महाराष्ट्रात दुसरा एक पक्ष आहे, रैवत. रेवतीतल्या ताऱ्यापासून मोजायचं. लोकमान्यांच्या नावाचं टिळक पंचांग या पक्षाचं. कोकणात आणि पुण्यात काही घरं आजही तेच पाळतात, त्यांचा अधिकमास कधी कधी वेगळा येतो आणि मग त्या वर्षी त्यांचे गणपती महिनाभर आधी बसतात. तुझा तो चिपळूणचा ना? त्याच्या घरी विचार.

या दोन पक्षांत जवळजवळ पावणेचार अंशांचा फरक आहे. रैवत धरलं की प्रत्येक ग्रह तेवढा पुढे दिसतो. हस्त नक्षत्र कन्येच्या १० अंशांपासून २३ अंश २० कलांपर्यंत. चौथं चरण २० पासून पुढे. वीसमध्ये पावणेचार मिळव, पावणेचोवीस. हस्त संपलं! म्हणजे चौथ्या चरणात कुठेही असलीस तरी रैवत पक्षाने तुझं नक्षत्र चित्रा. रास कन्याच राहते. त्याचं मात्र शततारका कुंभेच्या वीस अंशांपर्यंत जातं, दुसरं चरण १० ते १३ अंश २० कला, पावणेचार मिळवूनही तो शततारकेतच.

आता चित्रा आणि शततारका मांडतो. वर्ण ०, वश्य २, तारा ३, योनी १ (आता तू वाघ झालीस), मैत्री ४, गण ६ (दोघंही राक्षस, अभिनंदन), राशीकूट ०, नाडी ८ कारण चित्रेची मध्य. बेरीज २४.

साडेसातचे चोवीस झाले. प्रीतिषडाष्टकाचे सात धरले तर एकतीस. दोनदा मांडून बघितलं, मग सौ.ना दाखवलं, त्या म्हणाल्या आधी जेवून घ्या.

सरासरीचा_माणूस

थांबा थांबा. तीच मुलगी, तोच मुलगा, त्याच जन्मवेळा, तोच चंद्र. एका पंचांगात देवगणी, रेडा, साडेसात, आणि दुसऱ्यात राक्षसगणी, वाघ, एकतीस. काका, माझी बाजू तुम्ही माझ्यापेक्षा चांगली मांडलीत.

निवृत्त_पोस्टमास्तर

हे मला चाळीस वर्षं माहीत आहे रे. तरी रोज सकाळी पंचांग उघडतो. तुला नाही कळायचं.

कऱ्हाकाठची

काका ❤️ आणि ठकू, हे बाबांना दाखवताना "बघा तुमचं पंचांग खोटं" असं दाखवू नकोस हं. पाकिटावर आधीच्या आकड्यांच्या शेजारी मांड, त्यांनाच बेरीज करू दे.

टपरीवरचा_बंड्या

ठकूताई आता वहिनी झाल्यावर धाग्याचं नाव बदला, "वाघ आणि घोडा".

ठकू_सांगलीकर

अपडेट देते, बरेच दिवस लागले कारण सांगलीला जायला सुट्टीच मिळत नव्हती.

आधी त्याच्या घरी विचारलं. त्याची आजी टिळक पंचांगवाली नाही निघाली, त्यांच्याकडे गणपती सगळ्यांबरोबरच बसतात, तेव्हा तो बाण फुकट गेला. पण शेजारचं एक घर आहे तसं, त्यांच्याकडे एका वर्षी महिनाभर आधी जाऊन हा उकडीचे मोदक खाऊन आलाय आणि मग घरी परत, त्याला हे पंचांग फार आवडतं म्हणे.

शनिवारी घरी गेले. थॅलेसेमियाचे दोघांचे रिपोर्ट केलेले, दोन्ही नॉर्मल, ते आईला दिले. आईने वाचले नाहीत, नुसतेच घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवले. रात्री बाबांसमोर पाकीट घेतलं आणि ताईंनी सांगितलं तसं शेजारी दुसरी ओळ मांडायला घेतली. अयनांश शब्द उच्चारल्यावर ते म्हणाले तो काय प्रकार, मी काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला, निम्म्यात त्यांनी थांबवलं आणि म्हणाले, "म्हणजे बेंचमार्क वेगळा."

मग सुरूच झाले. कालव्याची लेव्हल काढताना बेंचमार्कचा दगड चुकीचा धरला तर पुढची सगळी रीडिंग तेवढ्याच फुटांनी चुकतात, एका साइटवर असं झालेलं, दोन टीमनी दोन दगड धरले आणि कालवा मधोमध जुळेना, मग साहेबांनी रात्री कंदील घेऊन दगड शोधायला पाठवलेलं. अर्धा तास ही गोष्ट. मी कधी ऐकली नव्हती. शेवटी मी विचारलं मग आपल्याकडे खरा दगड कुठला? तर म्हणाले, तेच तर, आकाशात कुठं दगड पुरलाय. मला वाटलं झालं काम! पण लगेच म्हणाले, "तरी पण आपल्या घरात तुझ्या आजोबांपासून एकच पंचांग आहे. सोयीचा आकडा यावा म्हणून दगड बदलायचा नाही, अशा माणसाला आम्ही साइटवरून हाकललं असतं."

खरं सांगायचं तर मला राग आला आणि पटलंही. काका, चोवीस त्यांनी घेतले नाहीत. प्रीतिषडाष्टकावर मात्र अडून बसलेत, ते आपल्याच पंचांगात आहे का बघितलं, भिंग घेऊन, सापडलं. रविवारी सकाळी स्वतः गुरुजींकडे गेले, मला नेलं नाही. तासाभराने आले. काय झालं ते सांगितलं नाही पण पाकिटावर राशीकूटाच्या शून्यावर काट मारून ७ केलेत, बेरीज १४॥, आणि खाली बारीक अक्षरात "नाडी, शांत?" असं प्रश्नचिन्हासकट लिहिलंय. चौदा म्हणजे अजून नापासच. पण पेन्सिल होती.

दुपारी निघताना आईने डबा भरताना हळूच विचारलं, चिपळूणचा म्हणजे रोज मासे लागत असतील ना, आपल्याकडे कृष्णेचे मिळतात ते चालतात का त्याला. मी म्हटलं विचारते. तर बाबा बाहेरून म्हणाले, "इथे आल्यावर विचार की."

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी बोलावलंय. पाकीट फ्रीजवरच आहे.

टपरीवरचा_बंड्या

कृष्णेचे चालतात म्हणावं त्याला, नसतील चालत तरी.

निवृत्त_पोस्टमास्तर

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. दगडाचं बरोबर आहे त्यांचं. नाडीच्या शांतीला आमच्याकडे महामृत्युंजयाचा जप करतात, सोबत थोडं दान, फार खर्च नाही. कोणी हजारोंचं पॅकेज सांगितलं तर उठून या.

सरासरीचा_माणूस

साडेचौदाचे अठरा करायला अजून साडेतीन हवेत. मी मदत करू शकत नाही पण शनिवारी काय झालं ते इथे लिहा नक्की.